खांदा, अस्तर आणि मुख्याध्यापिका

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग शब्दशः घे. दोन महिन्यांपूर्वी जेमतेम साडेसहा अंगं जमिनीला टेकत होती.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का?

इथे विषय माझ्या उजव्या खांद्याचा. तीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसलेला माणूस मी. सहा महिन्यांपूर्वी हात वर जाईनासा झाला. वरच्या फळीवरचं कापड काढायला तुझी भावजय स्टुलावर चढायची आणि उतरताना म्हणायची, "दुकान विका आता." (गमतीत म्हणायची, पण रोज म्हणायची.) ताई, मी मनातून घाबरलो होतो. दुसरं काही मला येत नाही.

शेवटी फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेलो. खांदा दुखतो म्हटलं, तर त्यांनी पाठ, बरगड्या, कंबर सगळं चाचपलं आणि म्हणाल्या, "काका, तुमचा फॅशिया आखडलाय." मला ऐकू आलं फॅशन. म्हटलं, "आमचं साधंच काम हो, गणवेश आणि कोट." हसता हसता त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग समजावलं. कातडीखाली, स्नायूंभोवती, डोक्यापासून तळव्यापर्यंत सलग एक पातळ आवरण असतं म्हणे. हालचाल असली की त्याचे पदर एकमेकांवरून सरकतात. तासन्‌तास वाकून बसलं की ताठरतात, आणि ओढ भलतीकडेच जाणवते. मी म्हटलं, "म्हणजे अस्तर! बगलेत चुणी पडली की कोट खांद्यावर ओढतो." (पुढच्या पेशंटला त्यांनी हेच सांगितलेलं मी चपला घालताना ऐकलं.)

व्यायाम असा, की दर अर्ध्या तासाने उठून हातपाय ताणायचे आणि पाठीखाली मऊ चेंडू ठेवून सावकाश लोळायचं. मी दुकानातल्या कापायच्या टेबलावर लोळलो. डोळे मिटलेले, गळ्यात टेप, तोंडाने हुं हुं चाललेलं. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका कोटाच्या ट्रायलला आल्या, किंचाळल्या आणि पाण्याची अख्खी बाटली माझ्या तोंडावर ओतली. मी जिवंत असल्याची खात्री पटल्यावर हळूच म्हणाल्या, "हे मानेला चालतं का?" पुढची दहा मिनिटं मी स्टुलावर आणि मुख्याध्यापिका टेबलावर. नेमकी तेव्हाच तुझी भावजय चहा घेऊन आली. (या प्रसंगावर अधिक लिहीत नाही.)

पण गेल्या सोमवारी वरच्या फळीवरचा गठ्ठा मी स्वतः काढला. तुझी भावजय बघत होती. स्टूल उचलून घरी घेऊन गेली. आता त्यावर कुंडी आहे. फार बरं वाटलं, ताई.

तुझा,
धाकटा

ता. क. हात आखडला तेव्हा मला टेप पाठीमागून नीट फिरवता येत नव्हता. तुझ्या निवृत्तीच्या समारंभाचा कोट मी अंदाजाने कापला. तो पाठीत घट्ट झाला, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो, "ताई, तू सुटलीस." तू सुटली नव्हतीस.

ता. क. दुसरा. दाजींनी कळवलं की तेव्हापासून तू रात्रीचं जेवण सोडलं आहेस. आजपासून पोटभर जेव, आणि कोट पाठवून दे. शिवणीत दीड इंच कापड आहे. (ते मात्र मी मुद्दाम सोडलं होतं.)