सहावा डबा

चेन्नई, ११ जानेवारी २०२५

ती. गोदामावशीस,
नित्याचा सा. न. वि. वि.

रविवारी, ५ तारखेला जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. दुपारी तीन वाजता भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत चित्र मंडळाचा चाळिसावा वाढदिवस सुरू झाला. माणसं एकतीस.
२. मंडळाचं पहिलं चित्र, म्हणजे दीपगृहातल्या दोन भावांचा जुना अमेरिकन सिनेमा, मी दाखवलं. सुंदरमामांच्या प्रोजेक्टर यंत्रावर नाही. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या माझ्या प्रयोगशाळेत स्वच्छ केलेली प्रत लावली.
३. मामांकडे या चित्राचे पाचच डबे, म्हणजे पाचच रिळं आहेत. शेवटच्या चौदा मिनिटांचा सहावा डबा कधीच नव्हता. त्याची नक्कल मी एका संग्रहालयातून मिळवून जोडली. मामांना आधी सांगितलं नव्हतं. ती भेट होती.
४. इंग्रजी बोलणं कळावं म्हणून पडद्यावर खाली मराठी आणि तमिळ ओळी घातल्या. त्यामुळे मामांना दर वेळेसारखं शेजारी उभं राहून कथा सांगावी लागली नाही. ते पहिल्या रांगेत बसले. चिपळ्या मांडीवर होत्या.
५. अर्ध्या तासाने तू उठून बाहेर गेलीस.
६. चार वाजून सव्वीस मिनिटांनी धाकटा भाऊ बुडाला. मामांच्या तोंडून मी तीन वर्षांपूर्वी शेवटचं ऐकलं तेव्हा तो वाचला होता.
७. चित्र संपून पंखे लागल्यावर त्यागराज, म्हणजे तिरुविडैमरुदूरहून बसने फेल्ट हॅट घालून येतात ते, त्यांनी सगळ्यांसमोर मामांना विचारलं की चाळीस वर्षांत तुम्ही एकंदर किती जणांना आपल्याच हाताने समुद्रातून काढलंत. सगळे हसले.
८. मामांनी चिपळ्या उपरण्यात गुंडाळल्या आणि ते जिना उतरले. नेहमीचं उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल कुणी वाटलं नाही.

त्यानंतर मी सहा वेळा फोन केला. मामा घेत नाहीत. तू घेतेस आणि मी जेवले का एवढंच विचारून ठेवून देतेस. आपल्या घरात महत्त्वाचं ते लिहून कळवायचं असतं, म्हणून हे पत्र. माझ्या कामात कुठे चूक झाली ते मला कळत नाही. प्रतीत दोष नव्हता. आवाज मी तीन महिने साफ करत होते.

पोंगलला येत नाही. रजा शिल्लक नाही.

माया आहे ती असू दे.
नित्या


कुंभकोणम्, १७ जानेवारी २०२५

चि. नित्या हीस गोदाचे पोटभर आशीर्वाद.

हे मी सांगते आणि शेजारची पवित्रा लिहिते. तिने हिंदीच्या सगळ्या परीक्षा दिल्या आहेत, म्हणून तिला आपली अक्षरं येतात. चुका दिसल्या तर तिच्या, शहाणपण दिसलं तर माझं. हेही ती हसत लिहिते आहे.

तुझी यादी पवित्राने दोनदा वाचून दाखवली. बाई गं, तू लहानपणी शाळेतून आलीस की असंच सांगायचीस. पहिला तास, दुसरा तास, डबा, तिसरा तास. कुणी मारलं का विचारलं तर म्हणायचीस, तो सहावा तास, अजून यायचा आहे.

तुझ्या पाचव्या ओळीपुढे कारण नाही. तू विचारलंही नाहीस, म्हणून मीच सांगते. मला तुझ्या ओळी दिसत नाहीत. डोळ्यांचं तुला ठाऊक आहे, पण किती गेलं ते ठाऊक नसेल. गेली दोन वर्षं पडदा मला धुतलेल्या पंचासारखा दिसतो. कुणी हललं तर हललं एवढं कळतं. इंग्रजी मला आधीही येत नव्हतं. मी अण्णाच्या, तुझ्या सुंदरमामाच्या, तोंडून चित्र बघते. त्या दिवशी अण्णा माझ्या शेजारी गप्प बसला होता आणि समोर अमेरिकेची माणसं भराभरा बोलत होती. अर्धा तास बसले. मग खाली तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले, तिथे निदान रस्त्यावरची माणसं काय बोलतात ते कळत होतं.

डबे पाचच आहेत हे तू शोधून काढलंस म्हणून फार ऐट करू नकोस. स्टेशनवरून ते डबे मी आणि अण्णाने रिक्षातून आणले. पेटीवर सहा लिहिलं होतं. मी तेव्हाच मोजले. अण्णाला वाटतं, मला कळलं नाही. पहिल्या खेळाला पाचवा डबा संपला, यंत्र थांबलं, खिडक्या बंद, माडीत काळोख. मला वाटलं आता हा माफी मागणार. तर याने आपल्या बाबांसारख्या चिपळ्या उचलल्या. बाबा गोविंदपुरम्‌ला विठ्ठलासमोर कीर्तन करायचे, त्याच चालीवर याने अमेरिकेचा समुद्र उभा केला. लोकांना इतकं आवडलं की पुढे दुसऱ्या चित्रांचे शेवटचे डबे असूनही कुणी ते लावू दिले नाहीत. शेवट काळोखात ऐकायचा, हीच आमची रीत झाली.

आता अण्णा म्हणतो, मी चाळीस वर्षं लोकांना फसवलं. त्यागराजने चारचौघांत उघडं पाडलं. यंत्र आणि डबे तो एका कॉलेजला काचेच्या कपाटात ठेवायला देणार आहे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. फेब्रुवारीचा खेळ रद्द केला. मी सांगून पाहिलं की आम्हाला सगळं ठाऊक होतं. तो म्हणतो, तू बहीण, तू असंच म्हणणार. त्यागराज दोनदा दारापर्यंत येऊन गेला. अण्णा आत जपाला बसला. एरवी जप सकाळी करतो.

मला दुसरं काही नको, महिन्यातून एक रविवार हवा. तो परत येईल असं काही कर. तुझं तो ऐकेल, कारण तू गोड बोलत नाहीस.

वेळेवर जेव.
तुझी गोदामावशी


चेन्नई, २३ जानेवारी २०२५

ती. गोदामावशीस सा. न. वि. वि.

पत्र मंगळवारी मिळालं. पवित्राच्या चुका दोन आहेत, दोन्ही किरकोळ.

ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्यासाठी मी ओळी घातल्या. तुझ्या डोळ्यांचा रिपोर्ट मीच गेल्या वर्षी वाचून दाखवला होता. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी ते कामाशी जोडून पाहिलं नाही. चूक माझी आहे. आता हे मामांनाही वेगळ्या पत्रात लिहिते. त्यात कारणं देणार नाही.

डॉक्टरांची पुढची तारीख कळव. त्या दिवशी मी येईन. रजा बिनपगारी मिळते, मी विचारलं.

आहेस तशीच राहा.
नित्या


कुंभकोणम्, ३ फेब्रुवारी २०२५

चि. नित्यास सुंदररावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. तू माफी मागितली आहेस ती मी घेत नाही, कारण तुझा अपराध नाही. तुझी प्रत उत्तम होती. माझ्या यंत्रावर त्या चित्रात नुसती खरखर ऐकू यायची. तुझ्या प्रतीत लाटा ऐकू आल्या, मोठ्या भावाच्या बुटाखालची वाळूसुद्धा. मला अभिमान वाटला. शेजारच्या सुंदरेशला मी म्हटलेदेखील की हे आमच्या पोरीचे काम. मग सहावा डबा लागला.

मला चाळीस वर्षे वाटत होते की आपण रिकामी जागा भरली. त्या दिवशी कळले की जागा रिकामी नव्हतीच, भरलेली होती, फक्त माझ्यापाशी नव्हती. कुणीतरी विचार करून, कष्टाने तो शेवट घडवला होता. धाकटा बुडतो आणि थोरला दिवा पुसत बसतो. चांगला शेवट आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे. मी त्या माणसाची वस्तू मोडून स्वतःची चालवली आणि लोकांना सांगितले, चित्रात असेच आहे.

त्यागराज माझा जुना मित्र. त्याचा प्रश्न बरोबरच होता. लोक हसले तेही बरोबर. आता पडद्याशेजारी उभा राहिलो तर मी तोंड उघडताच प्रत्येक जण मनात म्हणेल, हे खरे की याचे घरचे? कीर्तनकारावर तेवढा भरवसा उरला नाही की त्याने खाली बसावे, असे बाबा म्हणत.

गोदाचे मला वाईट वाटते. मी तिला घरी चित्रे सांगेन म्हटले, तर ती म्हणाली की एकट्याने ऐकायला ती काही आजारी नाही. उत्तर देण्यात तुम्ही दोघी सारख्याच.

कॉलेजची माणसे ४ मार्चला यंत्र न्यायला येतील. मशीनला तेल देऊन ठेवले आहे.

ऊन वाढते आहे, पाणी पीत जा. आमच्यावरची माया कमी करू नकोस.
तुझा सुंदरमामा


चेन्नई, ११ फेब्रुवारी २०२५

ती. सुंदरमामांच्या चरणी नित्याचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. त्यातल्या एका विधानाशी मी सहमत नाही. प्रेक्षकांना तुम्ही फसवलंत, हे ते विधान. बाकीच्यांवर माझं काही म्हणणं नाही.

मी तुम्हाला धीर देण्यासाठी लिहीत नाही. माझ्याकडे नोंदी आहेत.

कॉलेजात असताना आणि नंतर दोन-तीन वर्षं मी सुट्टीत आले की खेळाचा आवाज टिपून ठेवत असे. आवाज टिपायचं यंत्र मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर असायचं, शेवटच्या रांगेच्या मागे. दीपगृहाचं चित्र त्या काळात चार वेळा झालं. शनिवार-रविवारी मी ते चारही खेळ पुन्हा ऐकले, प्रत्येक दोनदा.

२०१४. पाचवा डबा संपतो. तुम्ही बोलायला लागेपर्यंत पंचावन्न सेकंद शांतता, असं मी तेव्हा लिहून ठेवलं होतं. ती शांतता नाही. आवाज वाढवून ऐकला तर मागच्या रांगेत त्यागराज कुणाला तरी सांगत आहेत की गेल्या खेपेस सुंदररावांनी धाकट्याला बुडवलं होतं, आज पाऊस बरा पडलाय, आज वाचवतील. त्या वर्षी तुम्ही त्याला वाचवलंत. टाळ्या आहेत.

२०१६. त्याच जागी सुंदरेश म्हणतात की सुंदररावांच्या घरी लग्न ठरलंय, म्हणजे आज दोघा भावांची गळाभेट नक्की. त्यागराज म्हणतात, पैज. सुंदरेश जिंकले.

२०१७. सगळ्यांत जास्त आवाज याच वर्षी आहे. पाच-सहा जण कुजबुजत आहेत. एक बाई म्हणते की थोरल्याचं लग्न राहिलंय, ते एकदाचं लावून टाकतील तर बरं. मग गोदामावशीचा आवाज येतो. ती सगळ्यांना गप्प करते आणि म्हणते, अण्णाला सुचू द्या. त्या वर्षी तुम्ही थोरल्याचं लग्न लावलंत.

२०१९. तुमच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, वर्षश्राद्धानंतरचा खेळ. मागच्या रांगेत कुणीच काही बोलत नाही. तुम्ही धाकट्याला बुडवलंत. थोरल्याने रात्रभर दिवा विझू दिला नाही असं सांगितलंत. नंतर बराच वेळ कुणी खिडकी उघडली नाही. मी तेव्हा माडीत होते. हे मला टिपलेलं ऐकून कळलं नाही, आठवतं.

चार खेळ, चार शेवट. चारही वेळी समोर जवळजवळ तीच माणसं. ज्यांना तो शेवट चित्रातलाच वाटतो ती माणसं बदलत्या शेवटावर पैज लावत नाहीत. तुम्ही पुढे उभे असता, म्हणून तुम्हाला मागची रांग कधी ऐकू आली नाही. किती बुडवले, किती वाचवले, हे त्यागराज इतकी वर्षं मागे बसून कुजबुजत होते. त्या रविवारी ते पहिल्यांदा पुढे येऊन मोठ्याने बोलले, एवढाच फरक. मी काल त्यांना फोन केला. ते म्हणाले, मी सहावा डबा पाहून चिडलो होतो, सुंदररावांवर नाही, अमेरिकेवर.

ध्वनिफिती सोबत पाठवल्या आहेत. पवित्रा लावून देईल. माझ्यावर विश्वास ठेवू नका, ऐका.

तुम्ही लिहिलंत की तो शेवट तुमच्यापेक्षा चांगला आहे. असेल. मला चित्राचं तेवढं कळत नाही, आवाजाचं कळतं. सहाव्या डब्यात चौदा मिनिटं लाटा आहेत आणि त्या दरवर्षी सारख्याच फुटतात.

२ मार्चला महिन्याचा पहिला रविवार आहे. मी शनिवारीच येते आहे. माझा विचार असा: तुमच्या यंत्रावर तुमचे पाच डबे. खरखर असू दे. ओळी नाहीत. मी यंत्राशेजारी बसेन. पाचवा डबा संपला की मी दिवा बंद करेन आणि खिडक्या उघडणार नाही. गोदामावशी पहिल्या रांगेत असेल. सहावा डबा चेन्नईत राहील. कुणाला तो पाहायचा असेल तर मी इथे दाखवेन. त्याचा मान मी राखेन, काळजी करू नका.

४ तारखेला यंत्र द्यायचं की नाही ते तुम्ही २ तारखेनंतर ठरवा.

धाकट्या भावाचं या वेळी काय होणार ते मला लिहू नका. सांगणार आहात की नाही, एवढंच लिहा. त्यागराजांना आणि बाकीच्यांना मला आठ दिवस आधी कळवावं लागेल. म्हणून तुमचं उत्तर शनिवार, २२ फेब्रुवारीपर्यंत माझ्या हातात हवं.

नित्या