आमच्या शाळेत बहिरं कुणी नाही

३ जुलै
परदेशी संस्थेचं पत्र. मुलांचे कान तपासणार, गरज असेल त्यांना कानाचं मशीन फुकट. आमच्या शाळेत बहिरं कुणी नाही! बावीस वर्षं मुख्याध्यापक आहे, मला कळणार नाही? मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात, हा खरा आजार. उद्या कडक नकार कळवणार.

४ जुलै
कारकूनबाईंनी परस्पर होकार कळवला. म्हणे, विचारलं तेव्हा तुम्हीच मान डोलावलीत. डोलावली, पण मला वाटलं चहाचं विचारतायत. त्याही तोंडातल्या तोंडात बोलतात.

९ जुलै
चौथीतल्या खारूताईला (पोरं तिला याच नावानं चिडवतात) पुन्हा बाकावर उभं केलं. हाक मारली तरी बघत नाही. शुद्ध माज. तिची आई म्हणाली, सर, तिला ऐकू येत नसेल का? ठणकावून सांगितलं, येतं, पण ऐकायचंच नसतं. (वाक्य बायकोचं. ती मला उद्देशून वापरते.)

१५ जुलै, सकाळी ७
आज टीम येणार. एकही मूल नापास होता कामा नये. सगळ्यांना बजावलंय, आवाज येवो न येवो, हात वर.

दुपारी ३
सगळ्यांनी हात वर केले. मशीन सुरू व्हायच्या आधीच. मग डॉक्टरीणबाईंनी एकेकाला खोलीत नेऊन तपासलं. खारूताईला जेमतेम ऐकू येतं म्हणे. चार वर्षं ओठ बघून शिकतेय, त्यात माझी मिशी आडवी येते. मिशी काढणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
मशीनच खराब, हे दाखवायला स्वतः हेडफोन लावून बसलो. आत शुकशुकाट. म्हटलं, बघा, बंद आहे! बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझं नावही लिहिलं.

६ ऑगस्ट
खारूताईला मशीन मिळालं. मीही एक घेतलंय. गरज नाही. पोरीला एकटं वाटू नये, एवढ्यासाठी. बायको हसली. तेही ऐकू आलं.

२९ ऑगस्ट
चौथीचा तास. खारूताई उठून टेबलापाशी आली. म्हणाली, सर, मला बाकावर का उभं करायचात? मला कधी कळलंच नाही.
शब्द न् शब्द ऐकू आला. म्हटलं, ऐकू नाही आलं.
तिला खरं वाटलं. ती आणखी जवळ आली, तोंड माझ्यासमोर धरलं, आणि मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत, सावकाश, पुन्हा विचारलं.