डावीकडची होडी

आई, गेल्या महिन्यात तुझा व्हिडिओ गेम पुन्हा लावला. गेम बाबांनी आणला होता आणि आणला होता माझ्यासाठी, पण मनात मी त्याला तुझाच म्हणतो. देवबागच्या घरी लाकडी पेटीत, तुझ्या दोन जुन्या नऊवारींच्या खाली तो होता. तुझ्या नातीला तो मे महिन्याच्या सुट्टीत सापडला. तिला तू पाहिलं नाहीस. अकरा वर्षांची आहे, बोलते कमी, पण बारीकसारीक सगळं तिच्या लक्षात येतं. दोन्ही रिमोट ओच्यात घेऊन ती ओसरीवर आली आणि म्हणाली, "बाबा, हे कुणाचं?" मी म्हटलं, आजीचं. तिला ते खरं वाटलं नाही.

तुला त्या दुपारी आठवत असतील का? मला आठवतात त्या अशा, जणू एकच लांबलचक दुपार होती आणि ती तीन वर्षं चालली. बाबा बोटीवर इलेक्ट्रिशियन, वर्षातले नऊ महिने समुद्रात. जेवणं झाली, भांडी पालथी पडली की तू हात पदराला पुसत बाहेरच्या खोलीत येतेस. एका खिडकीतून खाडी दिसते, पलीकडच्या दारातून समुद्र, आणि दोन्हीकडचा उजेड जमिनीवर हलत असतो. टीव्ही छोटा, रिमोटच्या वायरी आखूड, म्हणून आपण दोघं पडद्याला जवळजवळ नाक लावून बसतो. होड्यांची शर्यत. तुझी लाल, माझी पिवळी. एकाच पडद्यावर दोघांच्या होड्या, वरून पाहिल्यासारख्या, आणि सगळीकडे निळं पाणी. तुझ्या हातांना कोकमासाठी फोडलेल्या भिरंडांचा वास. तू बटण जोरात दाबतेस, वळण आलं की रिमोटबरोबर स्वतःही वळतेस आणि खांद्यानं मला ढकलतेस. त्या पाण्यातून खाडीच्या पाण्यात आणि तिथून परत टीव्हीत आपण कधी जातो ते कळत नाही. मला अजूनही कधीकधी स्वप्नात तुझी लाल होडी आपल्या माडांच्या मागून येताना दिसते.

"रे, पाणी आज गढूळ दिसता," तू म्हणायचीस. "ती वायर जरा हलय मरे."

मी उठून वायर हलवायचो. पिवळी, लाल, पांढरी, तिन्ही काढून पुन्हा खोचायचो. पडदा ओल्या फडक्यानं पुसायचो. "आता बरा?" असं विचारलं की तू जरा थांबून म्हणायचीस, "होय, आता बरा." तुला खरंच बरं दिसायचं की माझं मन राखायला म्हणायचीस, कोण जाणे. चित्र तसंही धूसरच होतं. कडा विरघळलेल्या, पुलाचे खांब लोण्यासारखे. आपला टीव्हीच तसला आहे, हे आपण धरूनच चाललो होतो.

कणकवलीला आणून मी तो गेम आमच्या नव्या टीव्हीला जोडला, तर चित्र त्याहून वाईट. एवढ्या मोठ्या पडद्यावर ते छोटं चित्र ताणून बसवलेलं, फार धुऊन विरलेल्या लुगड्यासारखं. "हे असंच होतं?" पोरीनं विचारलं. "असंच होतं," मी म्हटलं आणि थोडा वेळ बघत बसलो. मला ते आवडलं होतं, पण तिला नाही. तिनं मोबाइलवर शोधाशोध केली आणि सांगितलं, की यासाठी एक अॅडॅप्टर मिळतो, गेम आणि टीव्हीच्या मधे बसवायचा. आठवड्यात तो घरी आला. काडेपेटीएवढी काळी डबी. गेमचं लहान चित्र ती आत घेते, प्रत्येक ठिपक्याच्या शेजारी काय असायला हवं याचा अंदाज बांधते, आणि मोठं, स्वच्छ चित्र पुढे टीव्हीला देते. मी मोजणी खात्यात नकाशे काढतो, मला हे काम समजलं. दोन खुणा मिळाल्या की मधली रेघ आम्हीही अंदाजानंच जोडतो.

डबी लावली आणि आई, पाणी निवळलं. त्या पाण्याला लाटा होत्या, एकेक लाट वेगळी. पुलाला दगड होते. काठावर एक बाई धुणं वाळत घालत होती, तिला आपण तीन वर्षं झुडूप समजत होतो. लाल होडीच्या नाकावर डोळा रंगवलेला होता. मी पोरीला एकेक दाखवत सुटलो. आपण राहिलेल्या घराची कुणीतरी खिडकी पुसून द्यावी तसं वाटत होतं.

मग आम्ही शर्यत लावली. मी हरलो. पुन्हा हरलो. चौथ्यांदा हरलो तेव्हा तिनं रिमोट मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही मला अडवत का नाही? मी किती वेळ तुमच्या बाजूलाच होते. डावीकडे."

"तिथे कोणी नव्हतं," मी म्हटलं. खरंच नव्हतं. तिथे नुसतं पाणी होतं, लाटा मोजता येतील असं.

मग मी म्हटलं, "या डबीमुळे चित्र उशिरा पोचत असेल." तिनं डबीबरोबर आलेला कागद उघडून वाचला आणि शांतपणे म्हणाली, "उशीर होत नाही असं लिहिलंय."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी प्यायलो. मला तुझा आवाज ऐकू येत होता. तू चिडलेली नव्हतीस, चक्रावलेली होतीस. "खंयसून इलस रे तू? आताच हय नुसता पाणी होता." तेव्हा मी सातवीत होतो. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं होतं, की उजवीकडून गेलं तर तू अडवतेस आणि डावीकडून गेलं तर अडवत नाहीस. मग मी कायम डावीकडूनच आलो. तू सलग हरायला लागलीस. एकदा तू रिमोट उलटसुलट करून बघत होतीस, बटण बिघडलं की काय म्हणून, आणि मी म्हटलं, "तुका खेळूक येणा नाय." तू हसून म्हणालीस, "नाय येणा तर शिकय." मी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर जिंकणं संपलं असतं.

पुढचं तुला माहीतच आहे. मी दहावीत. तरीच्या होडीतून उतरताना धक्क्याच्या डाव्या बाजूची पायरी तुला दिसली नाही आणि तू खाडीत पडलीस, पिशवीसकट. बाबा तेव्हा सुट्टीवर होते, त्यांनीच उडी मारली. पाणी कमरेएवढंच होतं. तू हसत वर आलीस, पण बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते तुला कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मीही आलो. काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा, उजव्याच्या नजरेचा नाकाकडचा, म्हणजे डावीकडचा भागही गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, आधी काही जाणवलं नाही?" तू खुर्चीत ताठ बसून, शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणालीस, "आमचा टीव्ही जुना आहे, डॉक्टर. मला वाटलं, त्याचाच दोष." डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन वर्षं आधी यायला हवं होतं." मी भिंतीवरची अक्षरं वाचत होतो, मोठी, मग लहान, मग त्याहून लहान. मला सगळी दिसत होती.

त्यानंतर तू खेळली नाहीस. "आता तू एकटो खेळ. मी आयकतंय," म्हणालीस आणि माझ्यामागे भिंतीला टेकून बसलीस, डोळे मिटून. आवाजावरून तुला सगळं कळायचं. "पुलाखाली गेलस मरे," तू म्हणायचीस, आणि मी खरंच पुलाखाली असायचो. त्या दुपारी सगळ्यात शांत होत्या. मला शर्यत संपू नये असं वाटायचं, म्हणून मी होडी गोल गोल फिरवत राहायचो, आणि तुला तेही कळायचं.

तर त्या चार हारींनंतर मीही डॉक्टरांकडे गेलो. तुझी सून बरोबर होती. दवाखान्याचं नाव तेच, खुर्चीवर आता त्या डॉक्टरांची मुलगी. एका भांड्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. कितीतरी वेळ मला काही चमकलेलंच दिसलं नाही, आणि मला वाटलं यंत्र थांबलंय. नंतर त्या म्हणाल्या, की गेलेल्या जागी काळं दिसत नाही. मेंदू ती जागा आजूबाजूचं घेऊन भरून टाकतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मी विचारलं, "म्हणजे आजूबाजूला पाणी असेल तर?" त्या म्हणाल्या, "तर तिथेही पाणीच दिसेल." आई, मी तेव्हा तुझ्या डोळ्यांनी बघितलं. लाल होडी, आणि तिच्या डावीकडे स्वच्छ, रिकामं, निळं पाणी. कुणीच येत नाहीये.

त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, "आईला कधी सुरू झालं?"

"मी सातवीत असताना," मी म्हटलं.

"सातवीत?" तुझ्या सुनेनं वळून बघितलं. "बाबा तर म्हणतात, तुम्ही दहावीत असताना."

डॉक्टरीणबाईंनी सातवी लिहून घेतलं. माझं लवकर सापडलंय. गेलं ते परत येणार नाही, पण राहिलंय ते थेंबांनी राखता येईल, म्हणाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. थोडे झोंबतात. पोरीला मी सगळं सांगितलं, डबीबद्दल खोटं बोललो तेही. तिनं ऐकून घेतलं. आता खेळताना ती सांगते, "बाबा, डावीकडून येतेय." आणि सांगूनसुद्धा जिंकते. तिला हे कुणी शिकवलं नाही. एवढं एक वाक्य होतं, आई. मी बारा वर्षांचा असताना मला ते सुचलं नाही.

पण बाबांचं राहिलं होतं. तू गेल्यापासून ही एकोणीस वर्षं ते एकच बोलतात, जेवताना, जाळं विणताना, पाहुण्यांसमोर. "मी घराकडे आसतंय तर आधीच ध्यानात इला असता." आणि मी दर वेळी पानाकडे बघत जेवत राहतो. परवा रविवारी देवबागला गेलो, एकटाच. दुपारची वेळ, खाडी भरलेली, वाळूवर पर्यटकांच्या होड्या लागलेल्या. ते ओसरीवर बसले होते. मी बसलो आणि सांगून टाकलं. सातवी, डावी बाजू, सगळं. सांगताना माझा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

ते पाण्याकडे बघतच म्हणाले, "ता माका म्हायत आसा."

मला कळेना.

"तिनाच सांगितला होता, फोनार. शेजारच्यांकडे फोन करी होतंय ना मी, तेव्हा. आमचो झील आता हुशार झालो, म्हणाली. डाव्या बाजून कधी येता ता माका दिसणासुदा नाय. हसत होती. मी पण हसलंय." ते माझ्याकडे वळले. "तू बारा वर्सांचो. मी चाळीस. आमका दोघांकय कळाक नाय."

नंतर ते आत गेले आणि चहा ठेवला. आम्ही तो घेतला. त्यांनी विचारलं, थेंब झोंबतात काय, मी म्हटलं, थोडे. उठताना त्यांनी माझ्या डाव्या बाजूला येऊन कोपर धरलं आणि पायऱ्या उतरेपर्यंत सोडलं नाही. मला पायऱ्या नीट दिसतात. मी ते सांगितलं नाही.

हे सगळं मी माफी मागायला लिहायला घेतलं होतं. पण लिहिता लिहिता सारखं तेच मनात येतंय, की तू हसत होतीस, फोनवर, शेजारच्यांच्या पडवीत उभी राहून माझं कौतुक करत होतीस. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकतो. ते ऐकलं तेव्हा मला दुसरं काही वाटायच्या आधी आनंद झाला, आई. "झील हुशार झालो" म्हणालीस, याचा.