बिनलग्नाचं तळं

१२ ऑक्टोबर

भरलं! काठोकाठ भरलं! गंगापारच्या शेतातलं आपलं तळं आज डोळे भरून पाहिलं. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा माझा — आणि अक्कल सगळी माझी! ‘अंबिकाताई, या वयात कसली शेती करता?’ म्हणणाऱ्या आमच्या काशीतल्या बालाजी घाटावरच्या गल्लीला वरातीने नेऊन दाखवावंसं वाटलं. आता कोण डबकं म्हणतं बघतेच.

कोण म्हणजे भाऊजीच. निम्मं शेत ह्यांच्या माघारी माझं, निम्मं धाकट्या दिराचं, देवव्रतभाऊजींचं. भाऊजींना विकायचंय. तळ्याच्या अर्जावर सही दिली ती अट घालून — “वहिनी, नोव्हेंबरअखेर सरकारचा दुसरा हप्ता आला नाही, तर विकायला तुम्ही सही द्यायची.” देईन म्हटलं. शब्द म्हणजे शब्द! पण ती वेळ येणारच नाही. कृषी विभागाचे मुकुलजी चार नोव्हेंबरला मुआयना, म्हणजे पाहणी, करणार. तळ्यात पाणी हवं आणि ते शेताला चालू असलेलं दिसायला हवं. एवढंच.

१५ ऑक्टोबर

एवढंच म्हणे! कस्तुरी पाण्याला हात लावेना. आपलं शेत तीच करते, बटाईने. तळं तुडुंब, आणि ही बाई मटाराला शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी विकत घेते! का, तर — “बिन ब्याहे पोखरे का पानी कैसे लें, अम्मा?” नव्या तळ्याचं लग्न लावायचं. तळं नवरी, मधोमध लाकडाचा खांब रोवायचा, तो नवरा. तोवर पाणी कुणी घ्यायचं नाही. मग उरका की! तर म्हणे चातुर्मास, देव झोपलेत. देव उठल्यावर पहिला मुहूर्त दोन नोव्हेंबर. मुकुलजी चारला. कपाळाला हात लावला.

तेवढ्यात तिचे वडील आले, चंदौलीहून सायकल मारत. घामाने निथळत होते बिचारे. मी कस्तुरीच्या घरातलं गूळपाणी पुढे केलं. घेतलं नाही. “बेटी के घर का पानी नहीं पीते,” कस्तुरी म्हणाली. दिलेल्या लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही म्हणजे नाही. रस्त्यापलीकडच्या हापशावर जाऊन प्यायले. धन्य आहेत!

२२ ऑक्टोबर

भाऊजी आणि माझी धाकटी जाऊ मधुवंती फराळाला आले होते. कन्यादानाला जोडपं लागतं, असं कस्तुरीने कालच सांगितलंय. म्हणजे तळं मी खणवायचं आणि पाटावर मला जागा नाही! चीड आली. ह्यांची फार आठवण आली.

शेवटी नाक मुठीत धरून भाऊजींना विचारलं. हसत सुटले. “डबक्याचं कन्यादान? बनारसभर हसं होईल, वहिनी!”

मधुवंती खाली बघत म्हणाली, “मी बसते. नाहीतर मला कुठलं कन्यादान मिळणार होतं?”

त्यांना मूलबाळ नाही. भाऊजींनी उचललेली चकली परत ताटात ठेवली.

२५ ऑक्टोबर

भाऊजी हो म्हणाले! “फक्त मधूसाठी,” म्हणे. असू दे, असू दे.

२ नोव्हेंबर

लागलं लग्न! दोनदा लागलं!

दरवर्षी तुळशीचं लग्न लावणारी मी, मला कोण शिकवणार? अंतरपाट नेला, अक्षता नेल्या, खांबाला मुंडावळ्या बांधल्या. खड्या आवाजात मंगलाष्टकं म्हटली. कन्यादान झालं, शुभमंगल सावधान झालं, टाळ्या वाजल्या, आम्ही पेढे वाटायला लागलो — आणि गावच्या बायका जागच्या हलेनात! कस्तुरीला म्हटलं, चल, सोड पाणी. ती माझ्याकडे बघतच राहिली. “पर अम्मा, ब्याह कब होगा? सिंदूर कहाँ है?”

काळ्या मण्यांची पोत आणली होती की मी, खास ठठेरी बाजारातून! पण सिंदुराशिवाय यांच्यात लग्न लागतच नाही. सगळा जन्म काशीत गेला, शंभर लग्नांत जेवले, आणि हे डोक्यात आलं नाही. तोंडातला पेढा तसाच राहिला.

आणि उठलं कोण? भाऊजी! सोवळ्यावर शर्ट चढवला, स्कूटरला किक मारली आणि रामनगरला जाऊन सिंदूर घेऊन आले. दोन पुड्या — कमी पडायला नको म्हणे! मग खांब रोवला, सिंदूर पडला, बायकांनी भाऊजींचं नाव घेऊघेऊ गाऱ्या म्हटल्या. एकेक अशी शिवी की कानाला हात लावावा. नवरीच्या बापाला चिडवतात तशा. भाऊजी हसत होते आणि डोळे पुसत होते. डोळ्यात धूर गेला म्हणे. धूर कुठला!

४ नोव्हेंबर

पास! कस्तुरीने पाइप सोडला, पाणी धो धो मटारात. मुकुलजींनी मापं घेतली, फोटो काढले. “अम्माजी, पूरे ब्लॉक में ऐसा तालाब नहीं!” मी पदर सावरून फोटोत उभी राहिले. राहणारच!

जाताना म्हणाले, या वर्षीचा निधी संपलाय. तुमचा हप्ता नक्की मिळणार, पण एप्रिलनंतर.

एप्रिलनंतर.

३० नोव्हेंबर

मुदत संपली. मुकुलजी बिचारे काय करणार? भाऊजींना मीच फोन केला — हप्ता आला नाही, उद्या शेतावर या, सही देते. शब्द म्हणजे शब्द. तळं मात्र मी बांधलं, आणि ते उत्तम झालं! हे कुणी हिरावून घेऊ शकत नाही. मटाराला फुलं आलीत. जेवले नाही.

१ डिसेंबर

भाऊजी आले. एकटेच. कागद नाही, दलाल नाही. किती वेळ तळ्याच्या काठाशी उभे होते. कस्तुरीने गूळपाणी आणलं. त्यांनी तांब्या हळूच बाजूला सारला.

“लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत,” म्हणाले, आणि रस्ता ओलांडून हापशावर गेले.