हिरव्यागार पानाची काळजी

प्रिय आईस,
धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे.

इथे काचघरात आम्ही द्राक्षाच्या दोन वेलींवर मुद्दाम बुरशी सोडली. एकीच्या पानांवर लगेच काळे ठिपके पडले, दुसरी हिरवीगारच राहिली. मी म्हटलं, ही गेली. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई हसल्या. "हीच तगेल. बुरशी शिरली तेवढा भाग वेलीने स्वतःच मारून टाकला, आता बुरशी पुढे सरकणार नाही. काळजी त्या हिरव्यागार वेलीची कर, तिच्यात बुरशी आतल्या आत पसरतेय."

आई, तुझ्या प्रत्येक पत्रात "इकडे सगळं छान, काळजी नसावी" एवढंच असतं. गुडघा कसा आहे? बाबा जेवतात का नीट? या वेळी एक तरी तक्रार लिही, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

सुरुवात मीच करते. वर ठणठणीत लिहिलंय खरं, पण खोकला अजून गेलेला नाही.

तुझीच,
धाकटी