पाठीला पाठ

मंगळवार, ५

पाठ! नवऱ्याचं काम काय, तर पाठ. बायकोच्या पाठीला पाठ लावून सतरंजीवर बसायचं, डोळे मिटायचे, तोंड बंद. गरोदर बायकांचा हलका व्यायाम म्हणे! आठवड्यातून दोनदा तेवढा तास ती मला भेटते, आणि नेमकी त्याच तासात बोलायला बंदी!

एरवी तिच्या माहेरी मला दार बंद. तिला न विचारता कॉलेज सोडलं आणि टायरच्या दुकानात लागलो, हा पहिला गुन्हा. त्यावर तिचा भाऊ नको ते बोलला आणि मी त्यांची खुर्ची आपटली, हा दुसरा. "डोकं थंड झालं की ये," म्हणाली. डोकं म्हणजे काय कुकर आहे, वाफ गेली की झाकण काढलं?

शिकवणाऱ्या बाई माझ्यापाशी थांबल्या. "अहो बाबा, पळताय कुठे? तिनं श्वास घेतला की तुम्ही घ्यायचा. पुढे जायचं नाही." सगळ्या बायका खुसखुसल्या. तीसुद्धा! मला पाठीतून कळलं.

शुक्रवार, ८

पाठ लावते, पण भार टाकत नाही.

बाई म्हणाल्या, "अगं, सोड की अंग. भिंत समज त्यांना."

"ही भिंत हलते, बाई."

घरी येऊन दार आपटलं. दारानं काय घोडं मारलं होतं!

शनिवार, ९

टायरमध्ये हवा भरत होतो. मालक ओरडले, "अरे, गिऱ्हाइकाला गाडी चालवायचीय, उडवायची नाही!" आता सगळे मला हवेवरूनच बोलणार का?

मंगळवार, १२

वाटोळं केलं. मीच.

सुरुवात छान झाली होती. तिचा श्वास सापडला. आधी आखूड, मध्येच अडकतो, मग लांब सुटतो. कॉलेजात इतकं शेजारी बसलो, कधी लक्षातच आलं नाही. तेव्हा मीच बडबडत असायचो. आणि आज तिनं भार टाकला! डोकं माझ्या खांद्यावर!! मला राहवेना. वळलो आणि म्हणालो, "घरी चल ना."

मी वळलो म्हणजे पाठ गेली. ती मागे कलंडली. बाईंनी धरलं म्हणून बरं, नाहीतर... "बोलायचं नाही म्हणजे वळायचंही नाही, कळलं?" बाई एवढ्या चढ्या आवाजात कधी बोलत नाहीत. ती पांढरीफटक पडली होती.

तिला आता वाकून चपलेचा पट्टा लावता येत नाही. मी खाली बसलो. तिनं पाय मागे घेतला.

बुधवार, १३

गोदामात टायरच्या थप्पीला पाठ लावून सराव केला. आखूड, थांब, लांब. मालकांनी पाहिलं.

"ताप आहे का रे?"

"नाही."

"मग टायरला आहे का?"

शुक्रवार, १५

आली नाही. बाई म्हणाल्या, रक्तदाब वाढलाय. पडून राहायचं. वर्ग बंद, थेट बाळ होईपर्यंत.

"माझ्यामुळे?"

"जगातलं सगळं तुमच्यामुळेच होत नसतं हो."

म्हणजे तो तासही गेला. तिच्या घरी फोन केला, भावानं उचलला आणि ठेवला. दुकानात पाना भिरकावला. मालकांनी तो उचलून माझ्या हातात दिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवार, १६

काही नाही.

रविवार, १७

सासूबाईंचा फोन! आवाज नेहमीसारखाच तापलेला. "ऐका. कुशीवर झोपवलंय तिला. पाठीला उशा लावून झाल्या, लोड लावून झाला, शेवटी मी स्वतः टेकून बसले. एक म्हणून चालत नाही. उशी श्वास घेत नाही म्हणे, आणि मी घोरते! तुम्ही या. तोंड घरी ठेवा, पाठ तेवढी आणा."