तुझ्या उशाशी पाठवलेल्या बरण्या

मॅरेन,

परवा तू त्या ड्वाइटच्या, नव्या प्लास्टिकचा उग्र वास मारणाऱ्या कोऱ्या पिकअपमधून उतरलीस आणि एकदाही खोकली नाहीस, तेव्हाच माझं सगळं संपलं.

तुझ्या दम्याला सोसेल असं आपल्या दोघांचं घर व्हावं म्हणून मी वर्षभर टूसॉनच्या वाळवंटी उन्हात हे चाळीस वर्षांचं ट्रेलरघर सोलत होतो. जुने वास मारणारे तक्ते उपटले, ऊन अडवायला भिंतींत मेंढीची लोकर भरली, वर मातीचा रंग दिला. प्रत्येक वस्तूचा तुकडा आधी बरणीत घालून तुझ्या उशाशी पाठवला. तू रात्रभर हुंगून "चालेल" म्हणालीस, मगच लावला. शेजारची म्हातारी नेडा हसायची, "कॉलेज सोडून पोरगा भिंतीत मेंढरं चिणतोय!"

तरी दारातूनच तू म्हणालीस, "अजून कसलातरी वास येतोय, कोल्बी."

"कसला?"

"सांगता येत नाही रे."

मागे ड्वाइट उभा, अत्तरात न्हालेला. त्याच्या खांद्याला नाक लावून तू परत गेलीस.

सरळ 'नको' म्हणायचंस. मी ऐकलं असतं. खरं तर नसतं ऐकलं, थयथयाट केला असता.

हे पत्र पाठवणार नाही. किल्ली नेडाला दिलीय. तिच्या नातीला राहू दे इथे; तिलाही दमा आहे, आणि तिचा खरा आहे. निघतो. दार ओढून घेतो.

कोल्बी